‘झालं’ म्हटल्यानंतरचा फोटो

थांबाकाका फोटो काढण्याआधी चष्मा पुसायचे. कॅमेरा घरूनच पुसून आणलेला असायचा.

जुन्या कॅमेऱ्यात रीळ भरलं की झाकण लावायचे, कळ दोनदा ओढायचे आणि दुसऱ्या बाजूची चकती फिरते आहे ना, ते डोळ्यांत तेल घालून बघायचे. मग परत बघायचे. शेजारी कोणी असेल तर त्यालाही विचारायचे, "फिरली ना?"

कोटाच्या उजव्या खिशात टाचण्या, डाव्यात पेपरमिंटच्या गोळ्या. टाचण्या नवरीसाठी, गोळ्या रडणाऱ्या पोरांसाठी. एकदा घाईत त्यांनी नवरीच्या आईला टाचणीऐवजी गोळी दिली. तिने ती तोंडात टाकली आणि तिचं रडं थांबलं. तेव्हापासून ते नवरीच्या आयांनाही गोळ्या देऊ लागले.

चहा गार होईपर्यंत विसरायचे आणि गार झाला म्हणून कुरकुर करायचे.

कोणी डाव्या बाजूने बोललं तर मान डोलावून "बरोबर आहे" म्हणायचे. काय बरोबर आहे, ते त्यांना ऐकू आलेलं नसायचं. डावा कान गेला होता. ही गोष्ट त्यांनी सगळ्यांपासून लपवली होती आणि सगळ्यांना ती माहीत होती.

आणि सराईच्या अंगणात, स्वयंपाकघराच्या दारावरून जाताना त्यांची चाल हळू व्हायची. आत मात्र बघायचे नाहीत.

थांबाकाका हे नाव त्यांना पुतणीने दिलं. ती लहान होती. हा माणूस जिथे जातो तिथे मोठ्याने "थांबा!" म्हणतो आणि मोठी मोठी माणसं मुकाट्याने थांबतात, हे तिने पाहिलं. हेच ह्यांचं नाव असणार, असं तिला वाटलं. पुढे सगळं गावच त्यांना त्या नावाने ओळखू लागलं. लग्नाच्या पत्रिका देणारे लोकही तेच लिहीत.

लग्नाचे फोटो ते एकाच ठिकाणी काढायचे. गावाच्या टोकाला ती जुनी सराई आहे. कधी काळी तिथे घोडागाड्या मुक्कामाला येत. दरवाजा अजून तेवढाच रुंद आहे, अंगणाच्या भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या आहेत, आणि लग्नाला आलेली पोरं हमखास त्यांना लोंबकळतात. तबेल्याचं जेवणघर झालं, गवताच्या कोठीत आता उशा-चादरी असतात. वरच्या खोल्यांच्या काचा जुन्या, लाटालाटांच्या. त्यांतून उजेड आत येतो तो पाण्यातून आल्यासारखा. नवरी तयार होत असताना काका त्या खोलीच्या कोपऱ्यात नुसतेच उभे राहायचे. "काकाऽ, काढा ना," म्हटलं की म्हणायचे, "उजेडाचं चाललंय, त्याला करू दे."

गावात चकचकीत हॉल झाले होते. तिथून बोलावणी यायची. काका सांगायचे, "तिथे उजेड नाही."

"दिवे तर ढीगभर आहेत," त्यांची बायको म्हणायची.

"दिवे आहेत. उजेड नाही."

काकू तिखट जिभेची होती. "उजेडाचं काय सांगता! तिथे तुमचा भाऊ नाही, ते सांगा की," असं ती म्हणायची. काका मग डावा कान तिच्याकडे करायचे. "बरोबर आहे," म्हणायचे.

सराईचा आचारी हा त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. एकाच लग्नात, एकाच अंगणात, वर्षानुवर्षं दोघे कामं करत. एक जिन्यापाशी, दुसरा भट्टीपाशी. बोलायची वेळ आलीच तर मध्ये सराईची मालकीण. कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आवाज खणखणीत. सगळे तिला मालकीणबाई म्हणत.

"आचाऱ्याला सांगा, पंगत जरा उशिरा बसू दे. आत्ता उजेड चांगला आहे."

मालकीणबाई चार पावलांवरच्या दारात जायच्या. "ते म्हणतात, उजेड चांगला आहे."

"फोटोवाल्याला सांगा, सूप उजेडासाठी थांबत नाही."

"ते म्हणतात..."

"ऐकलं मी," काका म्हणायचे. "उजव्या बाजूने बोलला तो."

"मग मी कशाला? मी सराई चालवते की टपालखातं?" असं म्हणून त्या किल्ल्या वाजवत निघून जायच्या. पुढच्या लग्नात पुन्हा हेच.

वरच्या गच्चीतून अंगणात उतरणारा एक दगडी जिना आहे. दोनेकशे वर्षं माणसं मधूनच चढली-उतरली, त्यामुळे पायऱ्या मध्ये झिजून खोलगट झाल्यात. त्या जिन्यावर उभी राहिलेली माणसं न सांगता एकमेकांकडे झुकतात. रुसून टोकाला उभी राहिलेली आत्याही हळूहळू आत सरकते. काकांचा जीव त्या जिन्यावर. लग्नातले बाकी सगळे फोटो ते नव्या कॅमेऱ्याने काढत. जिन्यावरचा सगळ्या कुटुंबाचा तेवढा जुन्या, रिळाच्या कॅमेऱ्याने. काळापांढरा.

तो काढायची त्यांची एक रीत होती. माणसं उभी करायची. "थांबा!" म्हणायचं. माणसं पोट आत घेत, हनुवट्या वर करत, हसू ओढून धरत. खटका दाबायचा. मग मोठ्याने म्हणायचं, "झालं!"

आणि मग, माणसं श्वास सोडत असताना, पुन्हा एकदा खटका दाबायचा.

त्या दुसऱ्या फोटोत नवऱ्याच्या बापाने चप्पल काढून पाय खाजवलेला असे. नवरीने आईच्या कानात काहीतरी सांगितलेलं असे. घटस्फोट झालेल्या मामीकडे मामा बघत असे. पहिला फोटो अल्बमच्या पहिल्या पानावर लागायचा. दुसरा शेवटी, एक पान कोरं सोडून त्याच्या मागे. लोकांना वाटे, अल्बम संपला. कधीतरी, वर्षा-दोन वर्षांनी, कोणीतरी ते कोरं पान उलटायचं. मग त्या घरातून काकांना फोन यायचा. बऱ्याचदा पलीकडचं माणूस काही बोलायचंच नाही. काका म्हणायचे, "सापडला वाटतं," आणि फोन ठेवायचे.

ही रीत त्यांना सुचली ती उशिरा. आधी एक लग्न बिघडलं, त्यानंतर.

ते लग्न धाकट्या भावाचं होतं. तो तेव्हा सराईत नुकताच हाताखालचा आचारी म्हणून लागला होता. जुन्या मालकांनी, म्हणजे मालकीणबाईंच्या वडिलांनी, अंगण दिलं. फोटो काढायला दुसरं कोण असणार? थोरल्याने दिवसभर फोटो काढले. नवरी वरच्या खिडकीत, नवरी जिन्यावर, दोघे विहिरीपाशी. रीळ संपता संपेना, तेव्हाच संशय यायला हवा होता. आला नाही. आनंदात होते ते.

रिळाचं टोक आतल्या खाचेत अडकलंच नव्हतं. दिवसभर कळ ओढली जात होती, पण चकती फिरत नव्हती आणि रीळ जागच्या जागी होतं. धुतलं तेव्हा ते टोकापासून टोकापर्यंत कोरं निघालं.

हे तेव्हाच सांगितलं असतं तर धाकटा दोन दिवस चिडला असता आणि तिसऱ्या दिवशी त्याने ते हसून लोकांना सांगितलं असतं. पण काकांना सांगवेना. ते म्हणाले, "धुवायला टाकलंय." मग म्हणाले, "प्रिंट नीट आले नाहीत, परत काढतोय." वहिनी हसतमुख बाई. भेटली की विचारायची, "भावजी, आमचे फोटो?" काकाही हसायचे. "आणतो की, एवढी काय घाई." असं करता करता पुतणी झाली, बोलू लागली, शाळेत जाऊ लागली. तरी वहिनी विचारत होती. तो आता दोघांतला गमतीचा विषय झाला होता. निदान वहिनीला तसं वाटत होतं.

मग वहिनी आजारी पडली, आणि फार दिवस राहिली नाही.

धाकटा स्टुडिओत आला. उभाच राहिला. म्हणाला, "दादा, आता दे."

काकांनी तेव्हा सांगितलं. धाकट्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "रीळ कोरं निघालं, त्याचा राग नाही. ती विचारत राहिली आणि तू हसत राहिलास."

थोरल्याशी तो बोलला ते हे शेवटचं वाक्य.

तेव्हापासून काका रीळ भरल्यावर चकतीकडे दोनदा बघतात. बघायचे.

गेल्या वर्षी पुतणीचं लग्न ठरलं. ती स्टुडिओत आली ती वादळासारखी. ह्या घराचं वैर तिने कधी मानलं नव्हतं. शाळा सुटली की ती इकडे यायची, गोळ्या खायची, आणि घरी जाऊन बापाला सगळं सांगायची.

"काका, लग्न सराईत. फोटो तुम्ही."

"बरं."

"जिन्यावरच्या फोटोत तुम्ही आणि बाबा शेजारी शेजारी."

काकांनी चष्मा काढला. पुसला. "मी फोटोत असलो तर फोटो काढणार कोण?"

"ते तुमचं तुम्ही बघा. जन्मभर काय केलंत मग?"

"तुझ्या बापाला विचारलंस?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाले, उभा राहीन. बोलणार नाही."

काका बराच वेळ चष्माच पुसत राहिले. मग म्हणाले, "उभं राहायला बोलावं लागत नाही."

ती गेल्यावर काकूने विचारलं, "काय झालं? चेहरा का असा?" काका म्हणाले, त्याला एक फोटो देणं आहे माझं. आता देता येईल. हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं, की काकूला वाटलं ते कॅमेऱ्याशीच बोलतायत.

जुन्या कॅमेऱ्याला टायमर होता. कळ दाबली की घुर्र असा आवाज करत काटा फिरायचा, आणि मग खट्. तेवढ्यात फोटोवाल्याने धावत जाऊन आपल्या जागी उभं राहायचं. काकांनी तो जन्मात वापरला नव्हता. गुडघाही दुखरा. लग्नाच्या आठवड्यात ते रोज दुपारी सराईत जाऊन सराव करू लागले. स्टँड लावायचा, कळ दाबायची, लंगडत पळायचं, खालच्या पायरीवर उभं राहायचं. घुर्र थांबलं की कान टवकारून खटका ऐकायचा.

मालकीणबाई वरून बघत होत्या. "काका, कुठल्या शर्यतीत नाव घातलंय?"

"रिकाम्या सराईत माणसाला पळताही येत नाही का?"

"पळा पळा. पण तोंड उघडं ठेवून उभे राहू नका, फोटोत माशी जाईल."

स्वयंपाकघराचं दार किलकिलं होतं. काका पळत आले की आत पोळपाटावरचा आवाज थांबायचा. ते जागेवर पोचले की पुन्हा सुरू व्हायचा.

गुडघ्यामुळे वरच्या पायरीवर जाणं शक्यच नव्हतं. म्हणून काकांची जागा खालच्या पायरीवर. आणि भट्टीकडे लक्ष ठेवायचं, म्हणून आचाऱ्याची जागाही खालच्याच पायरीवर, स्वयंपाकघराच्या दाराशी. ही मांडणी पुतणीची होती. दोघांनाही कुरकुरायला जागा ठेवली नव्हती पोरीने.

लग्नाचा दिवस ढगाळ उगवला. काका खूश. ढगाळ दिवशी माणसं डोळे बारीक करत नाहीत. पुतणी वरच्या खोलीत त्या लाटांच्या काचांपाशी बसली होती. काकांनी तिचे पुष्कळ फोटो काढले. मध्येच थांबून म्हणाले, "तुझी आई इथेच बसली होती. ह्याच खिडकीत." ती म्हणाली, "सांगा की अजून." मग काकांनी न काढता आलेला तो प्रत्येक फोटो तिला सांगितला. केसात काय होतं, हात कसे ठेवले होते, कोणत्या बाजूला बघून हसली होती. त्यांना सगळं आठवत होतं. रीळ तेवढं कोरं होतं.

सह्या झाल्या. टाळ्या झाल्या. मग काकांनी अंगणात स्टँड लावला. रीळ भरलं, कळ दोनदा ओढली. चकती फिरत होती. नवरदेवाला विचारलं, "फिरली ना?" तो बिचारा म्हणाला, "काय?"

जिना माणसांनी भरला. आचारी काही येईना. मुलीच्या लग्नाचे पाव दुसऱ्या कोणी भाजलेले त्याला चालणार नव्हते, आणि शेवटची खेप नेमकी तेव्हाच भट्टीत गेली होती. मालकीणबाई दारात जाऊन ओरडल्या, "अहो, तुम्ही मुलीचे बाप आहात की पावाचे?" तेव्हा तो आला. अंगात नवा कोट, आणि हात कोपरापर्यंत पांढरे. पायरीवर आपल्या जागी उभा राहिला. शेजारची जागा रिकामी. तिकडे त्याने बघितलं नाही.

"थांबा!" काका म्हणाले. असा आवाज त्यांनी पूर्वी कधी लावला नव्हता. झाडावरची पाखरंसुद्धा थांबली असतील. माणसांनी पोटं आत घेतली. काकांनी कळ दाबली आणि ते पळत सुटले. गुडघा, स्टँड, फरशी, सगळं सांभाळत पोचले. वळले. भावाच्या शेजारी उभे राहिले. छाती भात्यासारखी हलत होती. घुर्र चाललं होतं, पण ते डावीकडे होतं, आणि डावा कान नव्हता. उजव्या बाजूला स्वयंपाकघर.

स्वयंपाकघरात कोणाच्या तरी हातून झाकण पडलं. टक्.

आणि काकांच्या तोंडून गेलं, "झालं!"

जन्माची सवय. जिन्याने श्वास सोडला. नवरदेवाने जांभई दिली. पुतणी मागे वळून कोणालातरी काहीतरी सांगत हसली. एक पोरगं मटकन खाली बसलं. काकांनाही एकदम हलकं वाटलं आणि त्यांचा गुडघा लचकला. पायरी झिजलेली, खोलगट. ते आत झुकले. आणि शेजारच्या माणसाने, विचार न करता, त्यांचं कोपर घट्ट धरलं.

तेव्हा खट् झालं.

हे मात्र काकांना ऐकू आलं. त्यांनी कॅमेऱ्याकडे पाहिलं. भावाचा हात अजून कोपरावर होता. पुन्हा एकदा सगळ्यांना उभं करायला हवं होतं. "थांबा" म्हणायला हवं होतं. जन्मभर ज्या शब्दावर पोट भरलं, तो एक शब्द तोंडातून निघेना. म्हटला, तर हात निघून जाईल असं त्यांना वाटलं.

हात तसाही गेला. भट्टीकडून करपल्याचा वास आला. "पाव!" असं ओरडून मुलीचा बाप नव्या कोटासकट आत धावला. जिना मोकळा झाला. पोरं कड्यांना लोंबकळायला पळाली. काका तिथेच उभे.

ते रीळ त्यांनी बरेच दिवस धुतलं नाही. पुतणीचा फोन यायचा, "काका, जिन्यावरचा?" वहिनीही असंच विचारायची. "धुवायला..." एवढं एके दिवशी त्यांच्या तोंडातून निघालं आणि ते थांबले. मग म्हणाले, "बाळ, माझ्या हातून चूक झालीय. खटका पडायच्या आधी मी ‘झालं’ म्हटलं. पहिला फोटो नाहीच. एकच आहे, आणि तो कसा आलाय ते मला माहीत नाही. मी आज धुतो."

ती म्हणाली, "बाबांना सांगू?"

"सांग," काका म्हणाले. त्यांनी फोन ठेवला. काकू सांगते, चेहरा पोराचा निकाल बरा लागल्यासारखा दिसत होता.

त्यांनी डार्करूमचं दार लावून घेतलं. बाहेर आले ते ओला कागद दोन बोटांत धरून. काकूला म्हणाले, "बघ."

कोणीच कॅमेऱ्याकडे बघत नव्हतं. पुतणीचा चेहरा हसताना हललेला. नवरदेवाची जांभई जबड्यासकट. आणि खाली कोपऱ्यात दोन म्हातारे होऊ घातलेले भाऊ. थोरला तोंड उघडं टाकून तिरका झालेला, आणि धाकटा त्याच्याकडे बघतोय. लहानपणी एकत्र रस्ता ओलांडताना बघतात तसं.

"पहिलाच फोटो असा आलाय तुमचा," काकू म्हणाली.

"कसा?"

"माणसासारखा."

मोठा प्रिंट काढला की काका त्यावरचे ठिपके भरायला बसत. रिळावर धूळ बसलेली असली की प्रिंटवर पांढरे ठिपके उमटतात. दोन केसांचा ब्रश, करडी शाई आणि भिंग घेऊन ते एकेक ठिपका बुजवत. वरच्या पायरीपासून सुरुवात करायची, खाली यायचं. स्वतःपर्यंत यायची वेळ कधी आलीच नव्हती. ह्या वेळी आली.

खालच्या पायरीवर ते अडले. त्यांच्या काळ्या कोटाच्या बाहीवर भावाच्या बोटांचा पांढरा ठसा होता. पीठच ते. पण ठशाच्या आजूबाजूलाही बारीक पांढरे ठिपके होते. काही बाहीवर, काही खिशापर्यंत. त्यातलं पीठ कोणतं आणि रिळावरची धूळ कोणती?

ते उठून कपाटापाशी गेले. "माझा कोट?"

"केव्हाच झटकून ठेवला," काकू म्हणाली. "किती पीठ उडालं होतं."

"किती? कुठे कुठे?"

"आता ते काय मोजून ठेवायचं असतं?"

काका परत येऊन बसले. ब्रश हातात घेतला आणि खाली ठेवला. धुळीचा ठिपका राहिला तर काही बिघडत नाही. पण पिठाचा बुजवला गेला तर? आणि भट्टीपासून येताना हात पिठाने किती भरले होते, हे एकाच माणसाला नक्की ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी ते सराईत गेले. त्या रविवारी तिथे एक लग्न होतं, त्याचं बोलणं झालं. निघताना म्हणाले, "रविवारी आचाऱ्याला एक विचारायचंय."

"बोला," मालकीणबाई म्हणाल्या, आणि सवयीने स्वयंपाकघराकडे वळल्या.

"नको. मी विचारीन."

"म्हणजे?"

"म्हणजे मी. माझ्या तोंडाने."

मालकीणबाईंनी किल्ल्या घट्ट धरल्या, वाजू नयेत म्हणून. काका गेटाबाहेर पडले न पडले तोच त्या तडक स्वयंपाकघरात. "रविवारी ते तुम्हाला काहीतरी विचारणार आहेत."

"काय?"

"मला काय ठाऊक! स्वतः विचारणार आहेत म्हणे. तोंडाने."

त्या दिवशी सूपात मीठ दोनदा पडलं.

शनिवारी सकाळी काका खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. काकूने चहा ठेवला. नेहमीसारखा तो गार झाला. ती ओरडून सांगायला आली, की गार झाला, आता कुरकुर करू नका. काकांनी कुरकुर केली नाही.

डॉक्टर म्हणाले, कळलंही नसेल. हे वाक्य ऐकणाऱ्यांनी काय करायचं असतं, ते कोणी सांगत नाही.

रविवारचं लग्न झालं. दुसरा फोटोवाला आला. तरतरीत होता. जिन्यावर माणसं उभी केली, फोटो काढला, आणि निघून गेला. "झालं" म्हणाला नाही. आचारी दारात उभा राहून बघत होता. त्या दिवशीही त्याने पाव भाजले, सूप वेळेवर गेलं. सगळं आटोपल्यावर तो अंगणात आला आणि खालच्या पायरीवर बसला. टोकाला बसला होता. बसल्या बसल्या मध्ये सरकला.

मग एका दुपारी पुतणी फोटो घेऊन स्वयंपाकघरात आली. मालकीणबाई तिथेच होत्या. पोरीने बापाच्या हातात दिला नाही, हात पिठाचे होते. समोर धरला.

"काकांच्या टेबलावर होता," ती म्हणाली. "वरचे सगळे ठिपके भरून झालेत. हे खालचे राहिलेत. काकू म्हणते, हे पीठ आहे की धूळ, ते त्यांना कळत नव्हतं. तेच तुम्हाला विचारायचं होतं."

आचारी वाकून बघत राहिला. भट्टीत काहीतरी तडतडलं. मग त्याने मान वर केली आणि मालकीणबाईंना म्हणाला, "फोटोवाल्याला सांगा, पीठ आहे ते."

मालकीणबाई वळल्या. दारापर्यंत गेल्यासुद्धा. अंगणात कोणी नव्हतं. जिना रिकामा होता. त्या तशाच उंबऱ्यात उभ्या राहिल्या. मागे न वळताच म्हणाल्या, "सांगते."

पुतणीने डोळे पुसले. "बाबा, काकू विचारतेय, हे उरलेले कोणाकडून भरून घ्यायचे का? दुसरा फोटोवाला करून देईल."

"नको. पीठ आहे."

"सगळंच?"

"सगळंच."

तिने फोटोवर बोट ठेवलं. कोटापासून लांब, जिन्याच्या कठड्याच्याही वर, सराईच्या कौलांपलीकडे, करड्या ढगात एक बारीक पांढरा ठिपका चुकून राहिला होता. "अहो, हा तर आभाळात आहे."

आचाऱ्याने तिथेही वाकून बघितलं. नीट बघितलं.

"तेही पीठच," तो म्हणाला.

तो फोटो आता पुतणीच्या अल्बममध्ये आहे. पहिलं पान रिकामं, शेवटी एक कोरं पान, त्याच्या मागे तो. वरच्या पायरीपासून खालच्यापर्यंत सगळे चेहरे स्वच्छ आहेत. फक्त एका कोटाच्या बाहीवर, आणि वर ढगात, पांढरे ठिपके भरायचे राहिले आहेत. ब्रश धुवायचाही राहिला होता. शाई वाळून त्याचे दोन केस एकमेकांना चिकटलेत.